वॉर्डात एसी लावला म्हणून जंतू मरत नाहीत

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता फिरतो. म्हणणं असं: मुंबई पालिकेच्या इस्पितळांतले उंच छताचे, खिडक्याच खिडक्या असलेले वॉर्ड म्हणजे रुग्णांचा छळ, वर डास आणि कबुतरं आत येतात ती वेगळीच. ते पाडा, काचेच्या इमारती बांधा, प्रत्येक वॉर्डात एसी लावा. एसीत जंतू मरतात, पंख्याने पसरतात, थंडाव्यात रुग्ण लवकर बरा होतो.

इमारतींच्या देखभालीत माझी बावीस वर्षं गेली, त्यात इस्पितळंही आली. मेसेज लिहिणाऱ्याची तगमग खोटी नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पेशंटजवळ रात्र काढलेल्या कुणालाही ती पटेल. पण निदान साफ चुकलंय.

‘एसीत जंतू मरतात.’ नाही मरत. फ्रिजमधलं दूधसुद्धा नासतंच, चार दिवस उशिरा. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची हवा आणणं हे त्याचं कामच नाही. दारं-खिडक्या लावून वॉर्डात तो चालवला, की एकाच्या खोकल्यातले टीबीचे जंतू सगळ्यांच्या वाट्याला येतात, तेही गारेगार. पेरू देशात लिमाच्या इस्पितळांत संशोधकांनी हवा मोजली, निष्कर्ष २००७ साली छापून आले. जुन्या, उंच छताच्या खोल्यांत खिडक्या उघडल्यावर तासाला सरासरी ४० वेळा हवा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत खिडक्या उघडूनही १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. जे पाडा म्हणताय, तेच पहिलं आलंय.

‘पंख्याने जंतू पसरतात.’ खिडक्या बंद असतील तर पसरतात, हे मान्य. उघड्या असतील तर तीच हवा बाहेर निघून जाते.

आणि मुंबईत पंख्याला कमी लेखू नका. आपला त्रास पाऱ्याचा कमी, दमटपणाचा जास्त. मे महिन्यात कुलाब्याला दुपारी ३३-३४ अंश असतं, नागपूरकर हसतील असं. पण इथे घाम वाळत नाही. अंगावरून वारा वाहता राहिला तर तो वाळतो आणि दोन-तीन अंश उतरल्यासारखं वाटतं. (जुन्या दगडी भिंतींचे गोडवे गाणाऱ्यांनाही जाता जाता एक सांगतो. जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात धरते आणि गार रात्री बाहेर टाकते. आपल्याकडे मे महिन्यात दिवस-रात्रीत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक, मग ती टाकणार कधी? त्या वॉर्डांत बरं वाटतं ते समोरासमोरच्या खिडक्यांमुळे आणि व्हरांड्याच्या सावलीमुळे.)

‘थंडाव्यात रुग्ण लवकर बरा होतो.’ कुठला रुग्ण? भाजलेल्या माणसाच्या कातडीतून उष्णता निसटत असते, त्याला ऊबच द्यावी लागते. बाळंतपणाच्या खोलीत २५ ते २८ अंश हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयविकाराच्या म्हाताऱ्या पेशंटला मात्र खरंच गारवा लागतो, आयसीयूला लागतो. ऑपरेशन थिएटरला तर लागतोच, पण तिथली यंत्रणा ताजी हवा गाळून आत आणते, दाब राखते. तुमच्या बेडरूममधल्या एसीशी तिचं नातं नावापुरतंच.

वरचा मजला तापतो त्याचं मूळ उन्हात तापणाऱ्या गच्चीच्या स्लॅबमध्ये आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादच्या एका सार्वजनिक इस्पितळात नवजात बाळं तापून निघत होती. प्रसूतिकक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलवला आणि उष्म्यामुळे अतिदक्षता विभागात न्याव्या लागणाऱ्या बाळांची संख्या बरीच घटली. गच्चीला पांढरा रंग मारणं हा एसीपेक्षा कितीतरी स्वस्त इलाज आहे, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

‘काचेच्या इमारती बांधा.’ उपनगरातल्या एका खासगी इस्पितळात माझी सासू ॲडमिट होती तेव्हा तिच्या मजल्याचा एसी दुपारी बंद पडला. खिडकीची काच न उघडणारी. पाच तास आम्ही एक्स-रेच्या पाकिटाने तिला वारा घातला. आमचं तेवढ्यावर निभावलं. कोलकात्याला डिसेंबर २०११ मध्ये एएमआरआय इस्पितळाला आग लागली तेव्हा काचबंद इमारतीतून धूर बाहेर पडला नाही, आणि माणसं बहुतांश त्या धुरानेच गुदमरली.

डास आणि कबुतरं हा मेसेजमधला मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. जाळी लावावीच लागते, जाळीने वारा अडतो, म्हणजे खिडकी आणखी मोठी हवी. तिरप्या पावसात ती उघडी ठेवायची तर बाहेर व्हरांडा हवा. जुन्या वॉर्डांना तो असायचाच. मी काम केलेल्या दोन ठिकाणी तो ॲल्युमिनियमच्या पार्टिशनने बंद करून आत जुन्या केसपेपरांची कपाटं लावली होती, थेट खिडकीला टेकवून.