प्रतिक्रियेला उत्तर : मास्तरांचे नाव यादीत का आहे

सप्रेम नमस्कार.

आमच्या हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेने केलेले बिनतारी संदेशवहन) क्लबच्या दिवंगत सभासदांची यादी देऊन मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर लिहिण्यापूर्वी जुनी लॉगबुके (संपर्कांच्या नोंदवह्या) पुन्हा काढून पाहावीशी वाटली, म्हणून उशीर झाला, क्षमस्व.

इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. ज्यांना मी लेखात 'मास्तर' म्हटले आहे त्यांचा परवाना १९९५ साली संपला आणि ते २०११ साली गेले. तेव्हा सोळा वर्षे परवाना नसलेल्या माणसाला 'सायलेंट की' (दिवंगत हॅम) म्हणणे म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्यांचा अवमान आहे, असे आपले पहिले म्हणणे. किल्लारीच्या भूकंपातील क्लबच्या कामाचे वर्णन मी फुगवून केले, हे दुसरे. दर वर्षी सकाळच्या नेटवर (हॅमांच्या रेडिओवरील ठरलेल्या बैठकीत) दिवंगतांच्या कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारी ओळखखूण) वाचणे नियमाला धरून नाही, आणि क्यूएसएल कार्डांच्या (रेडिओवर संपर्क झाल्याची टपालाने पाठवलेली पोच) ट्रंका सांभाळत बसण्यापेक्षा नव्या मुलांना परीक्षेला बसवावे, हे तिसरे.

किल्लारीबाबत आपले बरोबर आहे. 'हजारो निरोप पोहोचवले' हे वाक्य मी इतरांच्या तोंडून ऐकले होते आणि न तपासता लिहिले. त्या दिवसांच्या लॉगबुकातील नोंदी आता मोजल्या. निरोप शेकड्यांत भरतात, हजारांत नाहीत. लेखातील वाक्य मी बदलले आहे. मात्र काम काय झाले ते येथे सांगितले पाहिजे, कारण ज्या दोघांनी ते केले ते दोघेही आज त्या यादीत आहेत.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावे कोसळली. आमचे दोघे सभासद दुसऱ्या दिवशी उमरग्याला पोहोचले. बरोबर ट्रकची बॅटरी, घरी जुळवलेला संच आणि तांब्याच्या तारेचे भेंडोळे होते. त्यांनी एका शाळेच्या आवारात कडुलिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत सुमारे वीस मीटर लांबीचा डायपोल (तारेची साधी अँटेना) ताणला. तो जमिनीपासून फार तर दोन पुरुष उंच असेल. दूरदेशी बोलण्यासाठी इतकी खाली अँटेना कोणी लावणार नाही. पण ७ मेगाहर्ट्झवर अशा खालच्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनावरणावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. त्यांना बोलायचे होते ते सोलापूरशी आणि पुण्याशीच. एरवी परवाना तिऱ्हाइताचे निरोप पाठवू देत नाही, आपत्तीत मात्र मुभा असते, आणि त्या मुभेवर दिवसरात्र निरोप गेले. लॉगबुकाच्या शेऱ्याच्या रकान्यात ते पेन्सिलीने लिहिलेले आहेत : 'कपडे पुरे, ताडपत्री हवी, पाऊस आहे.' 'अमक्याची आई सोलापूरच्या रुग्णालयात, पाय गेला, जीव आहे.' त्याखालचे पान भिजून फुगलेले आहे, अक्षर लागत नाही. संख्येत मी चुकलो हे मान्य. पण या पानांपुढे मला संख्येचे फारसे वाटत नाही.

आता मास्तरांविषयी. आपल्या प्रतिक्रियेतील हा भाग मला सर्वांत लागला, म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहितो.

मास्तर तार खात्यात होते. तारेच्या यंत्राची कडकट्ट ऐकता ऐकता दुसऱ्या हाताने चहा ओतणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीच्या आसपास त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. ग्रेड वनसाठी तेव्हा मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने मोर्स (डॉट-डॅशची तारेची लिपी) लागे. इतरांना ज्याची धास्ती वाटे ती परीक्षा त्यांना पोरखेळ होती. मग त्यांच्या पडवीत संध्याकाळी वर्ग सुरू झाला. एक बझर, एक की (मोर्स वाजवण्याची कळ) आणि लाकडी बाक एवढेच साहित्य होते. आमच्या क्लबातील जुन्या पिढीचा मोर्सचा हात बहुतेक त्या पडवीत घडला आहे, माझाही. डॉट-डॅश मोजायचे नाहीत, अक्षराचा नाद ऐकायचा, असा त्यांचा दंडक होता, आणि जो बोटांवर मोजताना दिसेल त्याला ते त्या दिवसापुरते घरी पाठवत.

१९९४ साली काकूंची मूत्रपिंडे निकामी झाली आणि उपचारांच्या खर्चासाठी मास्तरांनी संच विकला. पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपली, तेव्हा संच नसताना नूतनीकरण कशाला करायचे, असे म्हणून त्यांनी ते केले नाही. काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. मास्तरांनी पुन्हा संच घेतला नाही. एक जुना रिसीव्हर तेवढा राहिला होता, तो ते रोज सकाळी लावून बसत, आणि आमच्यापैकी कोणाचे पाठवणे ढिले पडले की चार दिवसांनी त्याच्या घरी पोस्टकार्ड येई. मला आलेले एक कार्ड समोर आहे. निळ्या शाईत, तारेच्या फॉर्मवर लिहावे तसे सुटे अक्षर : 'काल सकाळी ७.०२० वर आपले सीक्यू ऐकले. क्यूची शेवटची डॅश लांबते. मनगट टेबलावर टेकते काय? कोपर टेकवा, मनगट मोकळे ठेवा. बाकी स्वच्छ.' (सीक्यू म्हणजे ऐकणाऱ्या सर्वांना घातलेली साद.) खाली सही नाही. सहीच्या जागी ७३, म्हणजे हॅमांच्या भाषेत 'शुभेच्छा', लिहिले आहे. अशी कार्डे २०१० च्या पावसाळ्यापर्यंत येत होती.

आता आपण सांगा, ते सोळा वर्षे क्लबात नव्हते असे मी कोणत्या तोंडाने लिहू? आपण परवान्याचा मुद्दा काढलात, म्हणून नियमांकडेच पाहू. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांत परवान्याचे जे प्रकार सांगितले होते, त्यांत अ‍ॅडव्हान्स्ड, ग्रेड वन, ग्रेड टू आणि रिस्ट्रिक्टेड यांच्या जोडीला शॉर्टवेव्ह लिसनर हाही प्रकार होता. जो कधीच प्रक्षेपण करणार नाही, केवळ ऐकणार आहे, त्यालाही नियमांनी हौशी सेवेत जागा दिली होती. मास्तरांजवळ तो परवाना होता असा माझा दावा नाही. ऐकणारा माणूस या छंदाच्या बाहेरचा नाही, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे. लांबलेली एक डॅश ऐकून तिच्यासाठी टपालखर्च करणारा माणूस तर नाहीच नाही. आपल्या सूचनेचा योग्य तो भाग मी घेतला आहे : यादीत त्यांच्या नावापुढे 'परवाना १९९५ पर्यंत' असे आता लिहिले आहे. नाव काढणार नाही.

'सायलेंट की' हा शब्दप्रयोग तारयंत्रांच्या जगातला. मोर्समध्ये एसके ही खूण, म्हणजे तीन डॉट, डॅश, डॉट, डॅश, सलग वाजवली की 'माझे बोलणे संपले' असा अर्थ होतो. मृत हॅमसाठी तीच दोन अक्षरे वापरतात आणि अमेरिकेतील 'क्यूएसटी' मासिकात त्याच नावाचे सदर असते. ज्याची की आम्ही ऐकली होती आणि आता ऐकू येणार नाही, तो सायलेंट की, असा मी त्याचा अर्थ घेतो. हा अर्थ मास्तरांना लागू पडत नसेल, तर आमच्यापैकी कोणालाच लागू पडणार नाही.

नेटवरच्या वाचनाबद्दल थोडक्यात लिहितो. दिवंगताची कॉलसाइन आपली ओळख म्हणून वापरणे चूक आहे, हे मलाही मान्य आहे, आणि आम्ही तसे करत नाही. नेट चालवणारा आधी स्वतःची कॉलसाइन देतो, मग एकेक नाव आणि कॉलसाइन वाचतो, प्रत्येकानंतर क्षणभर थांबतो आणि शेवटी पुन्हा स्वतःची कॉलसाइन देऊन नेट पुढे नेतो. हायरम पर्सी मॅक्सिम १९३६ साली वारले, त्यानंतर त्यांची डब्ल्यू१एडब्ल्यू ही कॉलसाइन त्यांनी स्थापन केलेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगने रीतसर स्मारक म्हणून घेतली आणि न्यूइंग्टनच्या केंद्रावरून ती आजही ऐकू येते. तशी सोय लहान गावच्या क्लबाला नसते. आमच्याकडे आहेत ती सकाळची ती चार मिनिटे. राजीव गांधी हॅम होते आणि व्हीयू२आरजी ही त्यांची कॉलसाइन होती, हे आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभी सांगतात आणि सांगावेही. पण आपल्याच गावात ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर जोडून ज्याने शेजारच्या चार पोरांना या नादी लावले, त्याची कॉलसाइन वर्षातून एकदा तरी कोणी उच्चारू नये काय?

राहिल्या ट्रंका. मास्तर गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला की रद्दीवाला दारात आहे आणि मामंजींची 'ती परदेशी पोस्टकार्डे' तुम्हाला हवी असतील तर लगेच या. मी स्कूटर काढली. पत्र्याच्या ट्रंकेत कार्डे देशवार लावून सुतळीने बांधलेली होती. सोव्हिएत संघाचा गठ्ठा सर्वांत जाड होता. तेथील हॅमांचा कार्डांचा सारा व्यवहार मॉस्कोच्या पोस्ट बॉक्स ८८ मधून चाले. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, हे देश नकाशावरून गेले, पण मास्तरांच्या सुतळीत शाबूत होते. काही पाकिटांचे कोपरे नातवाने तिकिटांसाठी कापून नेले होते आणि त्याबरोबर आतल्या कार्डांवरची एखाद-दुसरी तारीखही गेली होती. व्हिएन्नाच्या रेडिओ दस्तऐवज संग्रहात जगभरच्या दिवंगत हॅमांची अशी लाखो कार्डे जपून ठेवली आहेत. त्यांना ज्याची किंमत कळली ते आम्ही किलोच्या भावाने देऊन टाकावे, हे मला पटत नाही. नव्या मुलांविषयी म्हणाल तर अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थिनी सध्या ही कार्डे स्कॅन करत आहेत. कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणता देश कोणत्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ऐकू आला, हे त्या कार्डांवरूनच शिकल्या, आणि परीक्षेचा अर्जही दोघींनी आपणहून भरला आहे.

आपण प्रतिक्रियेच्या खाली आपली कॉलसाइन दिली आहे, म्हणून सहज मास्तरांच्या लॉगबुकात ती शोधली. फेब्रुवारी १९८८ मधील एका रात्री नऊनंतर ४० मीटर बँडवर त्यांचा आणि आपला संपर्क झाल्याची नोंद आहे. आपल्याला त्यांनी ४४९ असा रिपोर्ट (सुबोधता, जोर आणि सूर यांचे गुण) दिला होता. शेऱ्यात लिहिले आहे : 'नवे स्टेशन. सावकाश पण स्वच्छ. अँटेना गच्चीवर, फार खाली आहे म्हणतो. कार्ड पाठवले.'

हॅमच्या ट्रंकेत इतरांची कार्डे असतात. त्याची स्वतःची कार्डे दुसऱ्यांच्या घरी गेलेली असतात. मास्तरांनी छापून घेतलेल्या क्यूएसएल कार्डाचा एकही नमुना आमच्याजवळ उरलेला नाही, घरच्यांकडेही नाही. १९८८ सालची आपली कार्डे आपण ठेवली असतील, तर कृपया एकदा चाळून पाहावीत आणि ते सापडल्यास दोन्ही बाजूंचे छायाचित्र मला पाठवावे. लॉगबुकातील त्या पानाचे छायाचित्र मी आपल्याला आजच पाठवत आहे.

७३.