चिनी बायका चाळिशीनंतर जाड होत नाहीत म्हणे!

आरोग्याच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. चीनमध्ये चाळिशी उलटलेली जाड बाई शोधून सापडणार नाही, आणि त्याचं गुपित पाच सवयींत आहे, असं त्याचं म्हणणं. दिवसभर गरम पाणी, ग्रीन टी, चॉपस्टिक्सने सावकाश जेवण, ताटभर भाजी आणि संध्याकाळी चौकात नाच. सोबत एका शिडशिडीत बाईचा फोटो. तो पन्नाशीतल्या बाईचा आहे, हे आपण आपलं मानून घ्यायचं.

आधी ते 'शोधून सापडणार नाही' बघू. चीन सरकारने डिसेंबर 2020 मध्ये पोषण आणि दीर्घ आजारांवरचा अहवाल जाहीर केला. त्यानुसार 34.3 टक्के प्रौढांचं वजन जादा होतं आणि आणखी 16.4 टक्के लठ्ठ होते. म्हणजे निम्मे प्रौढ झाले. यात पुरुषांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण वयाप्रमाणे बघितलं की फॉरवर्ड पार उलटा पडतो. चीनमधल्या दीड कोटीहून जास्त लोकांच्या आरोग्य तपासण्यांचं विश्लेषण 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. पुरुषांत लठ्ठपणाचं प्रमाण 35 ते 39 या वयात सर्वांत जास्त दिसलं. बायकांत ते वयाबरोबर चढत जाऊन थेट 70 ते 74 या गटात शिखराला पोचलं. चाळिशीनंतर चिनी बाई जाड होत नाही म्हणे! उलट लठ्ठ बायकांचं प्रमाण चाळिशीनंतरही चढतच जातं.

बारीक 'दिसण्या'तही एक गोम आहे. उंची 155 सेंटिमीटर, वजन 58 किलो अशी बाई घ्या. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 24 च्या किंचित वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची मर्यादा 25, म्हणजे बाई ठणठणीत. चीनची मर्यादा 24, म्हणजे वजन जादा. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी 23 धरतात, तिथे तर ती कधीच रेषेपलीकडे गेली. मर्यादा खाली आणल्या त्या उगाच नाही. तेवढ्याच बीएमआयला आशियाई अंगात चरबी जास्त असते आणि ती पोटाभोवती साठते. पाळी जाताना, साधारण पन्नाशीच्या आसपास, हे आणखी वाढतं. म्हणून चीनमध्ये बाईची कंबर 85 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली की तो पोटाचा लठ्ठपणा धरतात, मग वजनकाटा काही का म्हणेना.

आता गुपितं. गरम पाण्याची सवय चीनमध्ये खरोखरच घट्ट रुजलेली आहे. पण 1952 मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी आरोग्य मोहिमेने पाणी उकळून प्यायला शिकवलं ते जंतू मारायला. थर्मास घरोघरी गेला तो पोटाचे आजार टाळायला. त्याचा कमरेच्या घेराशी संबंध कुणी आणि कधी जोडला, कोण जाणे.

ग्रीन टीचं तर हसूच येतं. शांघायमध्ये 1996 ते 2000 या काळात 40 ते 70 वयाच्या सुमारे 75 हजार बायकांची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांच्यात नियमित चहा पिणारी तिघींतली जेमतेम एक! आणि ग्रीन टीने वजन किती उतरतं यावरचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात एकत्र तपासले, तेव्हा फरक इतका किरकोळ निघाला की त्याला महत्त्व देण्यात अर्थ नव्हता.

चॉपस्टिक्सबद्दल एवढंच विचारते. त्या 2004 मध्येही होत्या, 2018 मध्येही होत्या. मग त्या 14 वर्षांत चिनी प्रौढांचा सरासरी बीएमआय 22.7 वरून 24.4 वर कसा गेला? बीएमआय 30 च्या पुढे असलेल्यांचं प्रमाण 3.1 वरून 8.1 टक्के कसं झालं?

ताटभर भाजी मात्र खरी. फक्त ती शिजते कशात तेही सांगा ना. वांगी तेलात परतली की ती किती तेल पितात हे आपल्याला काही नवं नाही. तिथेही वांगी तशीच पितात. त्याच 2020 च्या अहवालात घरातलं तेल माणशी दिवसाला 43 ग्रॅम निघालं, सल्ला आहे 25 ते 30 ग्रॅमचा. तिघांच्या घराला महिन्याला जवळजवळ चार किलो तेल झालं. सोबत पांढरा भात. शांघायच्या त्याच बायकांत जास्त भात खाणाऱ्यांना मधुमेह जास्त झाला, हे 2007 मध्येच छापून आलंय.

राहिला नाच. इथे फॉरवर्डच्या पदरात थोडं माप टाकायला हवं. संध्याकाळी चौकात स्पीकर लावून, रांगा धरून नाचणाऱ्या बायका हे चीनच्या शहरांतलं रोजचं दृश्य आहे. शेजारी आवाजाने इतके कावले, की 2015 मध्ये सरकारी क्रीडा खात्याने 12 ठरावीक नाच आखून दिले. बायका घराबाहेर पडतात, मैत्रिणी भेटतात, पाय हलतात, हे सगळं उत्तमच. पण अशा व्यायामाने कंबर किती उतरते, तो हिशेबही बघा. हाँगकाँगमध्ये पोट सुटलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांना 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करायला लावला. कंबर सरासरी 1.8 सेंटिमीटरने उतरली. नेहमीच्या व्यायामाने 1.3. दोन्ही कामाचे आहेत, जादू कशातच नाही.

मग आधीच्या पिढीतल्या बायका बारीक कशा होत्या? शहरांत धान्याची कूपनं 1993 पर्यंत होती, कामावर सायकलने जायचं, शेतात आणि कारखान्यात अंगमेहनत होती. परिस्थिती बदलली तशी वजनंही बदलली, आणि सगळ्यांची सारखी बदलली नाहीत. 2010 नंतर शहरातल्या बायकांचं वजन वाढण्याचा वेग मंदावला, खेड्यातल्या बायकांचं मात्र वाढतच राहिलं. शिकलेल्या बायकांपेक्षा कमी शिकलेल्यांत लठ्ठपणा जास्त. ही काही संस्कृतीची देणगी नव्हे. इथे प्रश्न पैसा, शिक्षण आणि हाताशी असलेल्या वेळेचा आहे.

सवयींना अर्थ नाही असं मी म्हणत नाही. शांघायच्या त्याच अभ्यासातल्या, कधी सिगारेट न ओढलेल्या आणि नियमित दारू न पिणाऱ्या 71 हजार बायकांची माहिती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच गोष्टी मोजल्या होत्या: वजन मर्यादेत, नितंबांच्या मानाने कंबर बारीक, रोज व्यायाम, भरपूर फळं-भाज्या, आणि नवरा सिगारेट न ओढणारा. ज्यांच्याकडे यातल्या चार-पाच होत्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका एकही नसलेल्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी होता. फॉरवर्डच्या यादीतलं गरम पाणी, ग्रीन टी आणि चॉपस्टिक्स यात कुठेच नाहीत. आणि अभ्यासाच्या यादीतली पाचवी गोष्ट बायकोच्या हातातच नाही. चीनमध्ये 2018 मध्ये साधारण निम्मे पुरुष सिगारेट ओढत होते. तेव्हा पुढचा फॉरवर्ड नवऱ्यांच्या ग्रुपवर टाका.