पृथ्वी लांब गेली म्हणून नाही हो गारठा!

"उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी पृथ्वी सूर्यापासून खूप लांब जाणार, याला अफेलियन म्हणतात. एरवीचं ९ कोटी किमी अंतर १५ कोटी २० लाख होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त! २२ ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढा गारठा पडेल. अंगदुखी, खोकला, धाप लागणे असे त्रास होतील. काळजी घ्या, सगळ्यांना कळवा."

हा मेसेज दर पावसाळ्यात उगवतो. ‘उद्या’ म्हणजे कुठल्या सालातला, हे कोणी विचारत नाही. यंदा तो साताऱ्याला आमच्या आत्याच्या मोबाइलवर पोचला, म्हणून हा खटाटोप.

आधी ते ९ कोटी. शुक्र सूर्यापासून साधारण १० कोटी ८० लाख किमीवर आहे. म्हणजे या विद्वानाच्या मते आपण एरवी शुक्राच्याही आतल्या बाजूला राहतो! खरं सरासरी अंतर आहे १४ कोटी ९६ लाख. जानेवारीच्या सुरुवातीला ते १४ कोटी ७१ लाख असतं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाख. फरक जेमतेम साडेतीन टक्के. आणि मेसेजचेच आकडे घेतले तरी वाढ ६९ टक्के येते. साधा भागाकारही जमलेला नाही.

आता थंडी. अंतरावरच सगळं असतं, तर सूर्य सगळ्यात जवळ असतो त्या जानेवारीत आपण घामाघूम व्हायला हवं होतं. त्याच जानेवारीत निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. तिकडे सिडनीत तेव्हा भर उन्हाळा. सूर्य दोघांना एकच, अंतरही तेच. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे, तिथे ऊन सरळ पडतं आणि दिवसही मोठा.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. अपसूर्य, म्हणजे मेसेजमधलं ते अफेलियन, ही खगोलातली खरीच घटना आहे, आणि त्या वेळी पृथ्वीवर पोचणारं ऊन जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतं. पण नासाने यावर एक लेख कधीचाच लिहून ठेवलाय. त्यात हवामानशास्त्रज्ञ रॉय स्पेन्सर यांचा हवाला आहे. त्यानुसार अपसूर्याच्या वेळी सबंध पृथ्वीचं सरासरी तापमान उलट जानेवारीपेक्षा सुमारे २.३ अंश सेल्सिअसने जास्त असतं! जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो, जमीन तिकडेच जास्त आहे आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. मेसेजचा दावाच उताणा पडला.

मग जुलैत आपल्याकडे गार का वाटतं? अहो, पाऊस पडतोय! दिवसभर ढग, ऊन खाली येत नाही, ओली जमीन आणि वारा. पुण्यात तर जुलैअखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. मे महिन्यातला आपण बघतो, जुलैतला ढगांनी खाल्लेला असतो.

खरा राग मला मेसेजमधल्या त्या अंगदुखी-खोकल्याच्या ओळीचा आहे. आत्याला ताप होता, अंग ठणकत होतं, आणि ती शांतपणे म्हणाली, "अरे, ते सूर्य लांब गेल्याचं आहे, ऑगस्टात जाईल आपोआप." दम्याचा जुना त्रास आहे तिला, आणि धाप लागली तरीही हेच उत्तर. पावसाळ्यात डेंग्यू असतो, मलेरिया असतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो, साधा फ्लूही असतो. डास साठलेल्या पाण्यात वाढतात, लेप्टो उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. यातलं काहीही १५ कोटी किलोमीटरवरून येत नाही, आणि २२ ऑगस्टची तारीख बघून जातही नाही. तिला ओढूनच नेलं दवाखान्यात, रक्त तपासायला. दोन-तीन दिवस ताप उतरत नसेल तर डॉक्टर गाठायचा, आणि धाप लागली तर तेवढंही थांबायचं नाही.

उरली ती तारीख. अपसूर्य हा एक क्षण असतो. कक्षेतला सगळ्यात लांबचा बिंदू गाठला की पृथ्वी लगेच परत जवळ यायला लागते. तिथे दीड महिना मुक्काम नसतो.

गरम पाणी मात्र खुशाल प्या.