साइडपट्टी, तळे आणि मी

ज्या तळ्याने इतक्या वर्षांत मला नाव घेण्याजोगा एकही मासा दिला नाही, त्याच्याच रक्षणाची जबाबदारी माझ्यावर यावी, हा दैवाचा विनोद मला अजून पचलेला नाही. तळ्याकाठच्या रस्त्याची साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला मोटारीचे चाक मावेल एवढी घळ पडली होती. दुरुस्तीसाठी सर्वांत मोठ्याने ओरडलो मीच. म्हणून काम सुरू झाल्यावर ‘माती तळ्यात जाता कामा नये’ असे ओरडण्याचा मानही मलाच मिळाला.

“साहेब, मासे पाण्यातच राहतात. पाणी गढूळ झालं तर त्यांचं काय बिघडलं?” मुकादमांनी पहिल्याच दिवशी विचारले. बारीक गाळ माशांच्या कल्ल्यांत अडकतो, तळाशी घातलेल्या अंड्यांवर त्याचा थर बसला की ती गुदमरतात आणि नजरेने भक्ष्य शोधणाऱ्या माशाला समोरचा घासही दिसत नाही, असे मी त्यांना सविस्तर समजावले.

“म्हणजे तुमचा गळही दिसत नाही,” ते म्हणाले. माझा स्वार्थ त्यांनी इतक्या लवकर ओळखायला नको होता.

मग गाळ अडवणारे कापड आले. उताराच्या पायथ्याशी खुंट्यांना ताणून बांधलेले हे कापड चहाच्या गाळणीसारखे काम करत असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते पाण्याला थोपवून धरते आणि तेवढ्या उसंतीत माती खाली बसते. जाड वाळू काही सेकंदांत बसते, चिकणमाती मात्र बोलावलेल्या ठिकाणी दिवसेंदिवस बसत नाही. (अशी माणसेही माझ्या परिचयात आहेत.) कापडाची खालची कड सुमारे 15 सेंटीमीटर खोल चरात पुरायची असते. चर खणण्याचा सर्वांनाच कंटाळा आल्यामुळे आम्ही ती जमिनीवर नुसती टेकवली आणि लांबून पाहिल्यावर काम झकास दिसते, यावर आमचे एकमत झाले. त्या रात्री अवेळी पाऊस आला. पाणी पडद्याखालून मांजर जावे तसे कापडाखालून निघून गेले आणि जाताना नवा भराव सोबत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कुदळ घेऊन चर खणला; माझ्या कमरेला ती तारीख अजून पाठ आहे.

रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी काँक्रीट पडले, तेव्हा एक कामगार घमेले धुवायला तळ्याकडे निघाला. मी आडवा पडायचाच बाकी राहिलो. ओल्या सिमेंटच्या धुवणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 12 च्या आसपास असतो आणि मासे 9 च्या पुढे कासावीस होऊ लागतात, हे मी धापा टाकत सांगितले. एका घमेल्याने एवढे तळे मरत नाही, हे मलाही ठाऊक होते. पण घमेली एकटी धुतली जात नाहीत.

खरी फजिती पुढेच होती. रस्त्यावरचे पाणी सगळ्या कडेवरून पसरून उतरले तर फारसे नुकसान करत नाही. त्याला एकच चाकोरी सापडली की ते तिथेच उतार कापत जाते. ही चाकोरी आली कोठून, हे शोधत अभियंता घळीच्या कडेने खाली उतरला आणि थेट माझ्या बसायच्या दगडापाशी थांबला. मोटार कडेला लावून, गळ खांद्यावर टाकून मी वर्षानुवर्षे घसरत उतरत होतो, तीच ही पायवाट.

आता तिथे दगड रचले आहेत, वर गवत पेरले आहे आणि मी मोरीला लांबलचक वळसा घालून तळ्यावर जातो. वरून जाताना मुकादम गाडी थांबवून विचारतात, “साहेब, आता दिसतो का गळ त्यांना?”

दिसत असावा. म्हणूनच बहुधा कोणी जवळ येत नाही.