काकूंचं लग्न आणि आगरातला हिस्सा

दापोलीकडच्या आमच्या भावकीत सध्या एकच विषय आहे. साठी ओलांडलेल्या एका विधवा काकूंना पुन्हा लग्न करायचंय, तेही नोंदणी पद्धतीने, उघडपणे. विरोध करणारे म्हणतात, नातवंडांत रमायचं सोडून हा कसला म्हातारचळ? आपल्या कोकणात असलं कधी झालंय?

झालंय, आणि दापोलीजवळच. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये विधुर झाले. त्या काळी बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळे. कर्व्यांनी ठरवलं, करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचं लग्न झालं. गोदूबाई देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न, पाठोपाठ वैधव्य, आणि कित्येक वर्षांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, विधवांसाठीच्या शाळेत, शिक्षण. ते पस्तिशीला टेकलेले, त्या तिशीच्या आसपास. आज ही वयं तरुण वाटतात, पण तेव्हा अशा बाईचं आयुष्य केव्हाच संपलं असं धरलं जाई. मुरूडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. संसार मात्र १९५० मध्ये गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, जाईपर्यंत, ५७ वर्षं चालला. ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी राजवाडे सोडून या घरात डोकवावं. सोसलेली, शिकलेली दोन माणसं एकमेकांना काय पाहून होकार देतात, ही मला सोळाव्या वर्षीच्या प्रेमापेक्षा फार मोठी गोष्ट वाटते.

मी जर्मनीत राहते. सत्तरीतलं जोडपं हातात हात घालून बाजारात दिसलं, तर इथे कोणी वळूनही बघत नाही. पण इथे सगळं सोपं आहे, असं मी भावकीला सांगणार नाही. विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं नवऱ्यामागचं निवृत्तीवेतन थांबतं, साधारण दोन वर्षांची रक्कम एकदम हातात मिळते. म्हणून काही जोडपी लग्न न करताच एकत्र राहतात. अडचण पैशाची आहे, आणि इथे ती पैशाची म्हणूनच बोलली जाते.

आपल्याकडे तीच अडचण अब्रूचं नाव घेऊन येते. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. भीती तेव्हाही जमिनीचीच होती. १९५६ च्या वारसा कायद्याने मिळालेला हिस्सा मात्र विधवेच्या पूर्ण मालकीचा असतो, पुन्हा लग्न केल्याने तो जात नाही. आता सातबारावर काकूंचं नाव आहे, त्यात नारळी-पोफळीचं आगर आहे, हापूसची कलमं आहेत. त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर मुलांबरोबर नव्या नवऱ्यालाही हिस्सा मिळेल. मुलांची ही काळजी खोटी नाही. मग तीच बोला ना! काकूंच्या चारित्र्यावर कशाला घसरता?

काकूंनी मृत्युपत्र करावं आणि मुलांना समोर बसवून वाचून दाखवावं. अशा नोंदणी लग्नाला विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदार लागतात. त्यांतली एक सही थोरल्या मुलाची असावी, अशी माझी फार इच्छा आहे.