राइंड खजिनाचोर नव्हता आणि त्याला शापही लागला नव्हता

गणिताच्या इतिहासावरचा एक मजकूर या गटातून त्या गटात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : राइंड नावाच्या इंग्रज खजिनाचोराने इजिप्तमध्ये थडगं फोडून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित) पळवला, त्यात पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अचूक किंमत होती, आणि फेरोच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाच्या, शापाने तो तिशीच्या आत मेला. यातलं शापाचं सगळ्यात जास्त लागलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

अलेक्झांडर हेन्री राइंडचा जन्म १८३३चा, स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाशी असलेल्या विक गावातला. म्हणजे तो इंग्रजही नव्हता. एडिनबराला शिकला. वकील व्हायचं होतं, पण फुप्फुसाच्या दुखण्यामुळे ते राहून गेलं. कोरडी हवा मानवेल म्हणून १८५५च्या हिवाळ्यात तो इजिप्तला गेला. दुखणं आधीचं, इजिप्त नंतरचं. ३ जुलै १८६३ रोजी, इजिप्तहून परतताना, इटलीत कोमो सरोवराकाठी तो झोपेतच गेला. तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. फेरोच्या शापाची आवई गाजली ती तुतनखामेनचं थडगं १९२२मध्ये सापडल्यावर. एका आजारी तरुणाच्या मरणाला ती साठ वर्षांनी मागून चिकटवणं मला बघवत नाही.

आता खजिनाचोर. राइंडने थीब्झ या प्राचीन इजिप्शियन शहराजवळ कुर्ना इथे थडगी खणली, वस्तू स्कॉटलंडला नेल्या, हे खरं. त्या वस्तू तिथे असाव्यात का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण चोर कसा खणतो आणि राइंड कसा खणत होता, यात फरक आहे. तिथलं एक थडगं इ.स.पू. १२९०च्या सुमारास एका पोलीसप्रमुखासाठी कोरलेलं. पुढे हजारेक वर्षांहून जास्त काळ ते पुन्हापुन्हा वापरलं गेलं. त्यातलं शेवटचं दफन रोमन अंमलाच्या सुरुवातीचं, मोन्तसूफ नावाच्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाचं. तो वारला इ.स.पू. ९मध्ये. त्या काळी बहुतेकांचं लक्ष संग्रहालयात शोभेल अशा वस्तूवर असायचं. राइंड मात्र कोणती वस्तू कुठे, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहून ठेवत होता. म्हणून आज त्या एकाच जागेचा सगळा इतिहास सांगता येतो. १८६२मध्ये त्याने थीब्झच्या थडग्यांवर पुस्तक काढलं. त्याआधी १८५८मध्ये, जमिनीत सापडणाऱ्या खजिन्याचा कायदा कसा सुधारावा यावर पुस्तिका लिहिली. चोराला असल्या कायद्याची काळजी कशाला?

पायचं बघू. अहमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५०च्या सुमारास, त्याहून जुन्या लिखाणावरून हा पपायरस उतरवला. त्यातलं ५०वं उदाहरण वहीत करून बघा. गोल शेत, व्यास ९. व्यासाचा नववा भाग वजा करा, उरले ८. आठाचा वर्ग ६४, हेच क्षेत्रफळ. आपल्या सूत्राने ते ६३.६२ येतं. या रीतीत पाय साधारण ३.१६ धरल्यासारखा होतो. म्हणजे अचूक नाही, आणि पाय नावाची वेगळी संख्या तर तिथे नाहीच. आहे ती शेत मोजायची रीत, आणि ती एक टक्क्याच्या आत बरोबर येते. ‘अचूक पाय’ म्हणून तिच्यावर खोटा मुलामा चढवायची गरजच काय?

राहिला पपायरस पळवण्याचा आरोप. तो राइंडने खणून काढलाच नाही. १८५८मध्ये लक्सरमध्ये विकत घेतला. त्याच्या मृत्यूनंतर, १८६५मध्ये, तो ब्रिटिश म्युझियमकडे गेला. काही तुकडे वेगळ्या वाटेने अमेरिकेत पोचले, ते आज ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहेत. वस्तू कुठे मिळाली हे टिपण्यासाठी जो माणूस दुखऱ्या फुप्फुसांनी थडग्यांत उतरत होता, त्याचं नाव ज्या वस्तूमुळे जगाला माहीत आहे, तिचीच नेमकी जागा कुणी टिपलेली नाही. ती काढणारे हात त्याचे नव्हते.