‘रिकामटेकड्या श्रीमंतांचा खेळ’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हौशी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धेवरच्या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. वाचून राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता निदान नीट लिहिता येईल.

बाकीच्या वाचकांसाठी आपल्या म्हणण्याचा गोषवारा देतो. गोल्फच्या मैदानाला पाणी फार लागतं आणि ज्या शहरात लोकांना घरं मिळत नाहीत तिथे एवढी जागा अडवणं अन्याय आहे. 1956 च्या अंतिम सामन्यातले केन व्हेंचुरी आणि हार्वी वॉर्ड हे दोघेही एडी लाउरी या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होते, तेव्हा ते हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणारे, कसले? मैदानाचे दर पाहिले तर डोळे पांढरे होतात. आणि शेवटी हे वाक्य: ‘गोल्फ हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा खेळ आहे, शहराच्या नावाने स्पर्धा भरवली म्हणून तो लोकांचा होत नाही, पण अमेरिकेत जाऊन बसलेल्यांना तिथलं गवतही सोन्याचं वाटतं.’

दरांचा मुद्दा रास्त आहे. ही स्पर्धा जिथे होते त्या हार्डिंग पार्क या शहराच्या मैदानावर बाहेरगावच्या पाहुण्याला जे पैसे मोजावे लागतात ते सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचे आहेत. शहरात राहणाऱ्यांना सवलत मिळते, तरीही दर वाढलेत हे खरं. हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण शेवटचं वाक्य मला सोडता येत नाही. त्यातला ‘अमेरिकेत जाऊन बसलेल्यांना’ हा भाग आधी घेतो, कारण तो मुद्दा नसून टोमणा आहे. मी कुठे राहतो यावरून माझ्या लेखातली एकही गोष्ट खरी किंवा खोटी ठरत नाही. लेखातलं अमुक विधान चुकीचं आहे असं दाखवलं असतंत, तर त्यावर बोलता आलं असतं. माणसाच्या राहत्या पत्त्यावर बोट ठेवलं की वाद तिथेच संपतो आणि नुसता सूर उरतो. हा सूर मी आपल्याकडे लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तो मला कधीच सहन झाला नाही.

आता ‘श्रीमंतांचा खेळ’. तो कुठे श्रीमंतांचा असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी मुंबईत वाढलो. वडील पोस्टात कारकून. आमच्या वसाहतीला लागून एका क्लबाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे गोल्फचं मैदान. चेंडू कधी कधी आमच्या अंगणात येऊन पडत. एकदा मी आणि माझा चुलतभाऊ तो परत द्यायला फाटकाशी गेलो, तर रखवालदाराने चोर म्हणून भावाचा कान पिळला. त्या मैदानात आमच्यासारख्यांनी पाऊल टाकायचं नाही, हे आम्हाला पाठ होतं. तेव्हा या खेळावर माझ्या मनात जेवढा राग होता तेवढा तुमच्या मनात असेल असं मला वाटत नाही.

तो राग गेला तो सॅन फ्रान्सिस्कोत. हार्डिंग पार्कच्या पोटातच फ्लेमिंग नावाचं नऊ होलचं, म्हणजे चेंडू टाकायच्या नऊ भोकांचं, छोटं मैदान आहे. मैदान शहराच्या मालकीचं, सांभाळतं शहराचं उद्यान खातं. तिथे जुन्या बाजारात घेतलेल्या दोनचार काठ्या घेऊन मी उभा राहिलो, तेव्हा माझ्याबरोबर खेळायला लावलेला माणूस शहरातली बस चालवायचा. त्याने माझं आडनाव विचारलं नाही, वडील काय करत होते हेही विचारलं नाही. काठी पकडायची कशी, एवढं दाखवलं. फाटकावर रखवालदार नव्हता, कारण फाटकच नव्हतं. तुम्ही कधी तिथे गेलात का? हा प्रश्न मी खरोखर विचारतो आहे. ज्या मैदानावर तुम्ही पाय ठेवलेला नाही, ते कुणाचं आहे हे तुम्ही इतक्या ठामपणे कसं सांगता?

शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली ही स्पर्धा अशाच मैदानांवर वाढली, हार्डिंग आणि लिंकन पार्कवर. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती होते. जमीन भिजलेली असते आणि चेंडू चिखलात रुतून बसतो. पात्रता फेरीतून वर आलं की मॅच प्ले, समोरासमोर दोघे, हरला तो घरी. या पद्धतीत एखादा अग्निशमन दलातला जवान, एखादा बारमध्ये पेले भरणारा, एखादा कॉलेजातला पोरगा कसलेल्या खेळाडूसमोर उभा राहतो आणि एका सकाळी त्याला घरी पाठवतोही. श्रीमंतांच्या क्लबात हे होत नाही, कारण तिथे तो पोरगा दारातूनच आत येत नाही.

आणि व्हेंचुरी. त्याचे आईवडील हार्डिंग पार्कवरच्या गोल्फ दुकानाचा कारभार पाहत. पोर लहानपणी इतकं तोतरं होतं की याला स्वतःचं नावसुद्धा कधी नीट सांगता येणार नाही, असं आईला सांगण्यात आलं होतं. एकट्याने खेळता येतो म्हणून तो गोल्फकडे वळला. 1950 साली, अठराव्या वर्षी, त्याने ही स्पर्धा जिंकली; 1953 मध्ये पुन्हा, 1956 मध्ये तिसऱ्यांदा. त्या 1956 च्या अंतिम सामन्याला हार्डिंग पार्कवर सुमारे 10,000 माणसं जमली होती. समोर वॉर्ड, म्हणजे तेव्हाचा अमेरिकेचा हौशी विजेता. 36 होलचा सामना, आणि चार होल बाकी असतानाच व्हेंचुरीने तो पाच होलच्या आघाडीने संपवला. या 10,000 माणसांना तुम्ही रिकामटेकडे श्रीमंत म्हणता? एका शहरात इतके श्रीमंत रिकामे असते, तर ते चिखलात उभे राहून महापालिकेच्या मैदानावर सामना कशाला बघत बसले असते?

पुढे 1964 मध्ये अंगाची लाही करणाऱ्या उन्हात एका दिवसात 36 होल खेळून व्हेंचुरीने यूएस ओपन ही गोल्फमधली अव्वल स्पर्धा जिंकली. नंतर तोच तोतरा मुलगा 35 वर्षं सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीवर गोल्फचं समालोचन करत होता. व्यावसायिक म्हणून त्याचा शेवटचा विजय 1966 चा, तोही हार्डिंग पार्कवरच, लकी इंटरनॅशनल स्पर्धेत. त्याच स्पर्धेत दोन वर्षं आधी चीची रॉड्रिगेझ जिंकला होता. पोर्टो रिकोतल्या ऊसतोड मजुराचा मुलगा. पेरूच्या फांदीची काठी आणि डब्याच्या पत्र्याचा चेंडू करून शिकलेला. आपल्याकडच्या ऊसतोड मजुराच्या मुलाला हे सांगून बघा, आणि मग तो गोल्फला काय म्हणतो ते मला कळवा.

1998 मध्ये शेजारच्या ऑलिम्पिक क्लबवर यूएस ओपन झाली, तेव्हा हार्डिंग पार्कच्या गवतावर प्रेक्षकांच्या मोटारी उभ्या केल्या होत्या. शहराच्या मैदानाची किंमत तेवढीच राहिली होती. सँडी टेटम नावाचे वकील, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे माजी अध्यक्ष, कोणत्याही बड्या क्लबात सुखाने खेळू शकले असते. त्यांनी या सरकारी मैदानासाठी वर्षानुवर्षं शहराच्या दारात खेटे घातले. 2002-03 मध्ये मैदान नव्याने उभं राहिलं, आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना खेळ शिकवण्याची सोय त्याच आवारात झाली. 2020 ची पीजीए चॅम्पियनशिप, व्यावसायिकांची मोठी स्पर्धा, तिथे झाली. तुमच्या मते ही सगळी धडपड श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी केली असावी. मला तसं दिसत नाही, आणि तसं म्हणणारा माणूस टेटमवर अन्याय करतो आहे.

लाउरीच्या नोकरीबद्दल: खेळण्याचा खर्च लाउरीकडून घेतल्यावरून वॉर्डवर 1957 मध्ये बंदी आली, ती नोंद सर्वांसमोर आहे, मी ती लपवलेली नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने खेळू नये असं असेल, तर ही स्पर्धा उद्याच बंद पडेल. पाणी आणि घरं हे मोठे विषय आहेत. माझ्या लेखाचा विषय तो नव्हता.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त त्याखाली एका वाचक भगिनीला उद्देशून तुम्ही जी ओळ टाकली होती तेवढी पुसली आहे. त्यांचे आजोबा कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, होते; त्या दिवसांची आठवण त्यांनी लिहिली होती आणि तुम्ही त्यांना ‘साहेबांच्या पिशव्या उचलणाऱ्यांचा अभिमान’ असं म्हणालात. माझ्याशी हवं तितकं भांडा. त्यांची माफी मागा, मग पाण्याच्या मुद्द्यावर पुढे बोलू.